टोळीतला सहावा माणूस

वाचकाचं पत्र

सर, मी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रॉडक्शनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघं ऑपरेशन्सच्या केस स्टडी स्पर्धेत उतरलोय. कॉलेजची फेरी जिंकलो, फायनल पुढच्या शनिवारी पवईला आहे. केस भिवंडीच्या एका गोदामाची आहे. चोवीस तास काम, तीन शिफ्ट. तासाला सरासरी ३ ट्रक येतात. माल उतरवायला ४ दारं, प्रत्येक दाराशी सहा लोडरांची टोळी, आणि एक ट्रक खाली व्हायला सरासरी ६० मिनिटं. प्रश्न असा की खर्च कमी करून दाखवा. लोडर २५ टक्के वेळ रिकामे असतात असं केसमध्येच लिहिलंय, म्हणून आम्ही प्रत्येक टोळीतला एक माणूस कमी केला. तिन्ही शिफ्ट मिळून १२ माणसं, प्रत्येकी महिना २५ हजार, म्हणजे महिन्याला ३ लाखांची बचत. परीक्षकांना ते आवडलं. त्या स्लाइडवर आमचा कॅप्टन म्हणाला, ‘तसेही हे लोक बसूनच असतात,’ आणि सगळे हसले. मीही हसले.

सर, माझे बाबा वाशीच्या दाणाबंदरात माथाडी आहेत. टीममध्ये कुणाला माहीत नाही. ‘बाबा मार्केटमध्ये असतात,’ एवढंच मी सांगते. त्या रात्री आई बाबांच्या पाठीला तेल चोळत होती आणि मला तिकडे बघवेना. मी टीम सोडू का? की हे माझं मनच हळवं आहे, आणि मॅनेजमेंटमध्ये असं चालायचंच? बाबांबद्दल टीमला सांगायला हवं का? केसची पानं सोबत जोडली आहेत.

— एक विद्यार्थिनी, मानखुर्द

उत्तर

प्रिय मुली,

टीम सोडू नकोस. निदान शनिवारपर्यंत तरी नाही. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग केसची पानं वाचली, मग वही काढून बसलो. आधी हिशोबाचं बोलतो आणि मग बाबांचं. हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे, कारण तुझ्या मनात या दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. तुला वाटतंय की हिशोब टीमच्या बाजूने आहे आणि तुझ्या बाजूला फक्त वाईट वाटणं आहे. तसं नाहीये. तुमचा हिशोबच चुकला आहे.

चूक कुठे आहे ते सांगतो. माणूस कमी केल्यावरही ट्रक ६० मिनिटांतच खाली होईल असं तुम्ही धरलंत. मनात असं आलं असणार की लोडर २५ टक्के वेळ रिकामे आहेत, सहातला एक काढला तर १७ टक्केच कमी होतात, म्हणजे अजून जागा उरतेच. पण टोळी रिकामी असते ती दाराशी गाडी नसते तेव्हा. गाडी लागली की सहाही जण कामाला असतात. पाच केले की तेच काम पाच पाठींवर येतं. सरळ प्रमाण धरलं तरी ६० ची ७२ मिनिटं होतात.

आता बघ. ७२ मिनिटांना एक गाडी म्हणजे चार दारांवर तासाला ३.३३ गाड्या. येतात ३. म्हणजे दारं ९० टक्के वेळ अडकलेली, आधी होती ७५ टक्के. कॅप्टन म्हणेल, मग काय झालं, १० टक्के अजून मोकळीच आहेत. इथेच बहुतेक जण फसतात, मीही फसलो होतो, ते पुढे सांगतो.

गाड्या बरोबर वीस-वीस मिनिटांनी आल्या असत्या आणि प्रत्येक गाडी बरोबर साठ मिनिटांत खाली झाली असती, तर तीनच दारं पुरली असती आणि कुणालाच थांबावं लागलं नसतं. पण केसच्या शेवटच्या पानावर गेटच्या रजिस्टरचा एका दिवसाचा उतारा आहे तो उघड. एका तासाला १ गाडी आली आहे, एका तासाला ६. पहाटे टोळी बसून होती तो वेळ कुठे साठवून ठेवता येत नाही. दुपारी सहा गाड्या एकदम आल्या तेव्हा पहाटेचा रिकामा वेळ कामाला येत नाही. ‘सरासरी ३’ या आकड्यात हे सगळं झाकलं जातं.

या रांगेचा हिशोब शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलेला आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे गणिती होते. एक्स्चेंजमध्ये किती लाइन ठेवल्या की माणसाला किती वेळ ताटकळावं लागेल, हा त्यांचा प्रश्न. १९०९ मध्ये त्यांनी पहिला लेख लिहिला, १९१७ मध्ये सूत्रं दिली. लाइनच्या जागी दार घाल आणि फोनच्या जागी ट्रक. तुझ्या पुस्तकात अनेक सर्व्हरांच्या, म्हणजे इथे अनेक दारांच्या, रांगेचं जे सूत्र आहे ते हेच. एक्सेलमध्ये दहा ओळींचं काम आहे. मी हाताने केलं, तू पडताळून बघ.

सहा माणसांच्या टोळीने गाडीला दार मिळेपर्यंत सरासरी ३१ मिनिटं थांबावं लागतं. पाच माणसांच्या टोळीने १४२ मिनिटं.

वही बाजूला ठेवून मी एकदा चहा घेतला आणि परत मोजलं. तेवढंच आलं. माणूस सहातला एक गेला, आणि थांबण्याचा वेळ साडेचार पटींहून जास्त झाला.

पुढचं साधं गुणाकाराचं काम आहे. रोज ७२ गाड्या, महिन्याच्या २,१६०. प्रत्येक गाडी १११ मिनिटं जास्त थांबली तर महिन्याला ४ हजार तास होतात. तुमच्याच केसच्या तिसऱ्या पानावर लिहिलंय की वाहतूकदार गाडी गेटवर आल्यापासून ताशी १५० रुपये हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचं भाडं, लावतो. ते झाले ६ लाख. तुम्ही वाचवले ३ लाख. आणि गाडी दाराशी लागल्यावरही १२ मिनिटं जास्त उभी राहते, ती मी यात धरलेलीच नाहीत.

आणखी एक गोष्ट. तासाला ३ गाड्या येतात आणि प्रत्येक गाडी सरासरी २ तास २२ मिनिटं थांबते, म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी ७ गाड्या रांगेत उभ्या असणार. हा लिटलचा नियम, १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला, तुमच्या अभ्यासक्रमात आहेच. केसमध्ये लिहिलंय की आवारात ५ गाड्या थांबू शकतात. उरलेल्या दोन कुठे जाणार? रस्त्यावर. भिवंडीचा रस्ता तू पाहिला असशील. परीक्षकाने हा एक प्रश्न विचारला की तुमची स्लाइड उभी राहत नाही, आणि फायनलला बसणारे परीक्षक बहुतेक कारखान्यातून, गोदामातून आलेले असतात. त्यांना हे दिसतं.

आता मी का फसलो ते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला होतो. नोकरीचं चौथं वर्ष असेल. हातात घड्याळ घेऊन चार दिवस मी टोळ्यांचं काम टिपलं. रिकामा वेळ निघाला जवळपास तुमच्याइतकाच. मी टिपण लिहिलं, वरून मंजुरी आली, आणि आमच्या दोन टोळ्यांमधला एकेक माणूस कमी केला. आमच्याकडे सहा जणांत दोघं गाडीत उभे राहून गोणी पाठीवर द्यायचे, तिघं वाहायचे आणि एक जण आत थप्पी लावायचा. मी थप्पीवरचा माणूस काढला. मला वाटलं, वाहणाऱ्याने आपली गोणी आपणच रचली तर काय बिघडलं.

पहिले चार थर लागेपर्यंत काहीच बिघडलं नाही. मी उभा राहून बघत होतो आणि मनातून खूश होतो. मग थप्पी छातीच्या वर गेली. पन्नास किलोची गोणी पाठीवरून उतरवून डोक्याच्या उंचीवर एकट्याला ठेवता येत नाही. पहिला वाहणारा थप्पीशी पोचला की दुसऱ्याची वाट बघत पाठीवर ओझं घेऊन तसाच वाकून उभा राहायचा. दुसरा आला की दोघं मिळून चढवायचे. तोवर गाडीतले दोघं गोणी उचलून धरून थांबलेले. गाडीचा शेवटचा तिसरा हिस्सा खाली व्हायला आधीच्या दोन हिश्शांइतका वेळ लागायला लागला. तिसऱ्या आठवड्यात सर्व्हिस रोडवर गाड्यांची रांग लागली. ड्रायव्हर चाकाच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून भात शिजवत होते. एक जण रिकामा कॅन घेऊन आमच्या केबिनमध्ये पाणी मागायला आला, तेव्हा मी त्याला विचारलं, कधीपासून उभे आहात? म्हणाला, काल दुपारपासून.

मुकादम वयाने माझ्या वडिलांएवढे होते. तीन आठवडे ते मला एक शब्द बोलले नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी हातातला लोखंडी आकडा गोणीत अडकवला आणि म्हणाले, ‘साहेब, तुम्ही आम्हाला बसलेलं मोजलंत. एकदा उभं असलेलं मोजा.’

महिन्याभराने दोन्ही माणसं परत घ्यायची परवानगी मिळाली. एक जण आला. दुसरा पाटण तालुक्यात गावी गेला होता, तो परत आला नाही. हे इतक्या वर्षांनी लिहितानाही मला जड जातं. माझं टिपण नीट टाइप केलेलं होतं, त्यात एकही बेरीज चुकलेली नव्हती.

म्हणून तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर देतो, की हे तुझं मनच हळवं आहे का. टीममधल्या चौघांपैकी टोळी काम कसं करते हे फक्त तुझ्या घरात माहीत आहे. त्या स्लाइडवर तुला जे खटकलं त्यात प्रेम आहेच, पण माहितीही आहे. बाबा घरी येऊन काय काय सांगतात, कधी गाडी लागली नाही, कधी पावतीसाठी खोळंबले, कधी जेवायलाही वेळ मिळाला नाही, हे ऐकत तू मोठी झालीस. ‘रिकामे’ या शब्दाशी तू अडखळलीस ती त्यामुळे. ही गोष्ट तुझ्या कॅप्टनला पुस्तकातून मिळणार नव्हती.

पण एका बाबतीत मी तुला सावध करतो. माझ्या हिशोबावर आंधळेपणाने उभी राहू नकोस. एर्लांगचं सूत्र असं धरून चालतं की माल उतरवायला लागणारा वेळ फार कमी-जास्त होतो. प्रत्यक्षात तो तितका होत नाही. एकाच प्रकारच्या गोणी असतील तर साठाच्या आसपासच राहतो. चढउतार निम्मा धरला, तर थांबण्याचा वेळ साधारण पाच-अष्टमांशावर येतो. म्हणजे १९ मिनिटांचे ८९ होतात. प्रत्येक गाडीमागे ७० मिनिटं जास्त, महिन्याला अडीच हजार तास, पावणेचार लाख रुपये. अजूनही तीन लाखांच्या वर आहे, पण फरक किती उरला बघ. हॉल्टिंग ताशी १२० रुपयांच्या खाली असतं, तर या हिशोबात तुमच्या टीमचंच उत्तर बरोबर ठरलं असतं. हे तू स्वतः स्लाइडवर लिही. कुणी विचारायच्या आत लिही. आणि मनाची तयारी ठेव, की एखाद्या दुसऱ्या केसमध्ये, दुसऱ्या आकड्यांवर, माणूस कमी करणं हेच उत्तर येईल. तेव्हा तुला ते खोडता येणार नाही, आणि खोडूही नकोस. तेव्हा त्या माणसाचं पुढे काय, त्याला कुठे सामावून घ्यायचं, हे त्याच स्लाइडवर मागणं तुझ्या हातात राहील. मी माझ्या टिपणात ती ओळ लिहिली नव्हती.

आता टीमशी बोलायचं कसं. बैठकीत उभं राहून ‘हा अन्याय आहे’ असं सुरुवातीलाच म्हणू नकोस. अन्याय असेलही, पण समोरचा लगेच ‘तू इमोशनल होतेयस’ म्हणेल आणि त्यानंतर तुझा एकही आकडा ऐकला जाणार नाही. आज रात्री एक्सेल तयार कर, उद्या सकाळी कॅप्टनला एकटं गाठ आणि फाइल त्याच्या हातात देऊन म्हण, ‘यात चूक काढून दे.’ हुशार मुलगा असेल तर तासभर तो चूक शोधेल, आणि सापडली नाही की ती फाइल त्याचीही होईल. स्पर्धेच्या टीममध्ये कुणाचं म्हणणं जिंकलं यावर फार वेळ जातो. फाइल त्याची झाली तर होऊ दे.

तो एक गोष्ट नक्की म्हणेल: टोयोटाच्या ओहनोंनी सात प्रकारचा अपव्यय सांगितला, त्यात ‘वाट बघणं’ आहे, मग बसलेला लोडर म्हणजे अपव्ययच. त्याला सांग, वाट बघणं हा अपव्यय आहे हे खरं. पण पाच माणसांच्या टोळीने वाट बघणं संपत नाही, ते दारावरून रस्त्यावर जातं आणि चौपटीहून जास्त होतं. शिवाय टोयोटाच्या पद्धतीत कामाचा ओघ सपाट करणं हा पाया आहे. गाड्या एका तासाला एक आणि एका तासाला सहा येत असताना माणसं काढणं म्हणजे पायाआधी छप्पर.

त्याच्या मनात ‘हे लोक बसूनच असतात’ हे वाक्य राहिलं असेल, तर तेही तेव्हाच बोल. एकटं असताना, आवाज न चढवता. ‘ते वाक्य फायनलला नको, मला ते आवडलं नव्हतं,’ एवढं पुरे. कारण द्यायचं की नाही ते तुझं तू ठरव. आणि तू हसलीस याचा राग स्वतःवर धरून बसू नकोस. वीस वर्षांच्या मुलीला भरल्या हॉलमध्ये एकटीने न हसणं किती अवघड असतं, हे मला माहीत आहे.

तुमच्या पहिल्या स्लाइडबद्दलही सांगतो, कारण तीही जोडलेली दिसली. डबेवाल्यांचा फोटो आणि खाली ‘सिक्स सिग्मा’, म्हणजे दहा लाखांत तीन-चारच चुका. मुंबईतल्या निम्म्या टीमची सुरुवात हीच असते. ते सिक्स सिग्मा कुणी, कुठे, कसं मोजलं, असं विचारलं तर तुमच्यापैकी कुणाला सांगता येईल? नसेल तर तो शब्द काढा. फोटो मात्र ठेवा, आणि तो का ठेवला ते तू सांग. १८९० पासून चालत आलेल्या या व्यवस्थेवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये केस लिहिली. ही व्यवस्था टिकते कशी, यातलं एक उत्तर असं की डबेवाल्यांच्या गटात गरजेपेक्षा काही माणसं जास्तीची धरलेली असतात. कुणी आजारी पडलं, एखादी लोकल उशिरा आली, कुठे डबा वेळेवर तयार नव्हता, की ती माणसं तिथे धावतात. एरवी बघणाऱ्याला तीही ‘रिकामी’च दिसतील. म्हणजे तुमची पहिली स्लाइड तुमच्याच सातव्या, माणूस कमी करणाऱ्या स्लाइडच्या विरोधात उभी आहे. परीक्षकाने हे पकडण्याआधी तुम्हीच पकडलंत, तर ती उरलेल्या सगळ्या टीमपेक्षा वेगळी सुरुवात होईल.

मग तीन लाख आणायचे कुठून, हा प्रश्न उरतोच, कारण केसने तो विचारला आहे. खरं सांगतो, या पानांवरच्या आकड्यांतून मला तीन लाख सापडले नाहीत. जे सापडलं ते सांगतो. आत्ता सहा माणसांच्या टोळीने गाड्या ३१ मिनिटं थांबतात, त्याचे महिन्याला १ लाख ६५ हजार जातात. वाहतूकदारांना वेळ ठरवून दिली, म्हणजे अमुक गाडीने दहाला यायचं आणि अमुक गाडीने साडेदहाला, तर एका तासाला सहा गाड्यांचे ढीग कमी होतील. थांबणं निम्म्यावर आलं तर ८० हजार वाचतात. दुसरं, त्या ६० मिनिटांत नेमकं काय काय येतं, ते केसमध्ये कुठेच फोडून दिलेलं नाही. गाडी दाराशी लागल्यावर चलन तपासणं, नग मोजणं, सही यात समजा १० मिनिटं जात असतील आणि ते काम गेटवरच उरकता आलं, तर दारावरचे ६० चे ५० होतात आणि थांबणं ३१ वरून ११ मिनिटांवर येतं. लाखभर रुपये. हे ‘असं असेल तर’ म्हणूनच मांड, ठाम म्हणून नको. दोन्ही बचती एकमेकींत मिसळतात, त्यामुळे बेरीज करून एक लाख ऐंशी हजार म्हणू नकोस. ‘दीड लाखाच्या आत, एकही माणूस न काढता, आणि रस्त्यावर एकही गाडी न लावता,’ हे वाक्य तीन लाखांच्या चुकीच्या स्लाइडपेक्षा जास्त वेळ उभं राहील. हरलात तरी हे घेऊन हरा.

एक बाब टीममध्ये तूच बोलावीस. केस भिवंडीची आहे, म्हणजे महाराष्ट्राची. इथे लोडर हा नुसता एक्सेलमधला आकडा नसतो. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं, त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. नोंदणी झालेल्या कामगाराची मजुरी मालक माथाडी मंडळाकडे भरतो, वर लेव्ही भरतो, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधोपचार चालतो. त्या २५ हजारांत लेव्ही धरली आहे का? ही १२ माणसं मंडळाची आहेत की कंत्राटाची? केसमध्ये उत्तर नाही, पण प्रश्न मांडलात तरी परीक्षक सावरून बसतील. तुझ्या घरी या कायद्याचं कार्ड कपाटात असेल, बाबांच्या फोटोसकट.

आणि बाबांचं.

टीमला सांगायलाच हवं असं अजिबात नाही. तुझा हिशोब बरोबर आहे तो एर्लांगच्या सूत्राने, तू कुणाची मुलगी आहेस त्याने नाही, आणि स्पर्धेत सहानुभूती मागायची वेळ तुझ्यावर आलेली नाही. पण तू लिहिलंस ते ‘बाबा मार्केटमध्ये असतात’ हे वाक्य मला टोचत राहिलं. ते खोटं नाही, पण ते म्हणताना तू दर वेळी थोडी आक्रसत असशील. तुझी फी, हार्बरचा पास, तो लॅपटॉप, हे सगळं त्या पाठीवरून आलंय. एखाद्या दिवशी, स्पर्धा संपल्यावर, कॅन्टीनमध्ये, कुणी सहज विचारलं तर पूर्ण वाक्य म्हणून बघ: ‘बाबा दाणाबंदरात माथाडी आहेत.’ समोरच्याचा चेहरा बघायची गरज नाही, स्वतःचा आवाज ऐक. आज जमत नसेल तर आज नको.

टीमआधी मात्र ज्यांच्याशी बोलायला हवं ते घरातच आहेत. मी वर सरळ प्रमाणाने ७२ मिनिटं धरली. माझ्या अनुभवाने ती कमी आहेत, पण माझा अनुभव एका कारखान्याचा आणि बराच जुना. बाबांनी तीस वर्षं टोळीत काढली असतील तर हा आकडा त्यांना माझ्यापेक्षा नक्की जास्त कळतो. त्यांना केस दाखव. मराठीत समजावून सांग, सहा माणसं, एक गाडी, साठ मिनिटं. मग विचार, यातला एक कमी केला तर किती वेळ लागेल, आणि कोणता काढला तर किती. गाडीवरचा, वाहणारा की थप्पीचा. ते म्हणतील, माल कोणता आहे यावर आहे. तांदूळ, साखर, डाळ, पेट्या, एकेकाचं वेगळं विचार आणि लिहून घे. सरासरी काढ, ७२ च्या जागी तो आकडा घाल, आणि बाकीच्या ओळी आपोआप बदलू दे. आकड्याखाली बारीक अक्षरात लिही: ‘अनुभवी माथाडी कामगाराशी झालेल्या चर्चेवरून.’

आज रात्री ते जेवून उठले की वही घेऊन बस.